अफू जवळ, आराम दूर

मंदसौर-नीमच भागात शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात. तिच्यापासूनच मॉर्फीन हे वेदनाशामक औषध होते. तरीही कर्करोगाचे कित्येक रुग्ण त्यावाचून रात्रभर तळमळतात. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची इतकी कटकट वाढली की पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा सुधारला, परवाना सुटसुटीत झाला. पण डॉक्टरांच्या मनातील धास्ती पुरती गेली नाही. मग नियम करणाऱ्यांवर रुग्णांचा विश्वास उरला नाही, यात नवल ते काय?

व्यसनाला आळा हवाच. परंतु कण्हणाऱ्यावर संशय घेणे आम्हांस अन्यायाचे वाटते. नियम करणाऱ्यांनी आधी रुग्णाच्या खाटेशी बसून त्याचे ऐकावे. वाचकहो, आपल्या जिल्हा रुग्णालयात मॉर्फीन मिळते का, हे आपणही विचारू या.