क्लच जळतो तेव्हा नेमकं काय जळतं?

एक वास आहे. गाडीचं वेड असलेल्या प्रत्येकाने तो कधी ना कधी घेतलेला असतो. थोडा जळक्या कागदासारखा, थोडा तापलेल्या लोखंडासारखा. चढावर अडकलेल्या गाडीतून तो येतो, नाहीतर रिकामा रस्ता दिसला म्हणून चार हजार आरपीएमला क्लच सोडून सुटलेल्या गाडीतून. तो वास क्लच प्लेटचा. रीलमध्ये आवाज येतो, धूर येतो, लाईक्स येतात. वास काही येत नाही, आणि गॅरेजचं बिल तर मुळीच येत नाही.

हा विषय आपल्याच शहरात काढायला कारण आहे. छत्रपती संभाजीनगर गाड्यांच्या जिवावर वाढलं. छावणीतून नगर नाका ओलांडून पुढे गेलात की वाळूज एमआयडीसी लागते. बजाज ऑटोचा कारखाना तिथे १९८५ पासून आहे. त्याच वर्षी या शहरात सुरुवात केलेली एन्ड्युरन्स कंपनी दुचाकींचे क्लच, ब्रेक आणि सस्पेन्शन बनवते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्यात, २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात. आणि २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या तेव्हा देशभर आपली चर्चा झाली होती. म्हणजे क्लच बनवणारे हातही आपलेच आणि जाळणारे पायही आपलेच!

दोन शत्रू: उष्णता आणि धक्का

आधी आत काय घडतं ते बघू. इंजिन फिरतंय, चाकं थांबलेली आहेत. या दोघांना जोडणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. दोघांचा वेग जुळेपर्यंत क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घासत राहते आणि या घासण्यातून उष्णता तयार होते. किती? साधा हिशोब असा: इंजिनाचा वेग कायम ठेवून गाडी उचलली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते.

आता बारावीचं फिजिक्स आठवा. १३०० किलोची गाडी घ्या. १२०० आरपीएमला हळूच क्लच सोडलात, तर पहिल्या गिअरमध्ये ताशी ९ किलोमीटरच्या आसपास वेग जुळतो. उष्णता तयार होते सुमारे ४ किलोज्यूल. तीच गाडी ४००० आरपीएमवर धरून उचललीत तर वेग जुळेपर्यंत ताशी ३० किलोमीटर होतात आणि उष्णता जाते ४५ किलोज्यूलवर. आरपीएम तिप्पट-सव्वातिप्पट, पण उष्णता अकरा पट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ४५ किलोज्यूलमध्ये कपभर चहाचं पाणी उकळतं. इथे ती सगळी उष्णता एक-दोन सेकंदांत प्लेटच्या पातळ थरावर पडते. लागोपाठ चार-पाच लाँच मारले की थंड व्हायला वेळच मिळत नाही. प्लेट गुळगुळीत होते, फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात आणि मग क्लच पकड सोडतो.

तुम्ही म्हणाल, मग घासूच द्यायचा नाही, पाय एकदम काढायचा. तिथे दुसरा शत्रू उभा असतो. इंजिनाचा २५० न्यूटन मीटर टॉर्क पहिल्या गिअरमध्ये १३-१४ पट होऊन चाकांकडे जातो. त्यात जोरात फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा एका झटक्यात ओतली जाते. तो हातोडा बसतो गिअरच्या दातांवर, डिफरन्शियलवर, ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटवर आणि इंजिन माउंटिंगवर. हे भाग एका दिवसात तुटत नाहीत. बारीक तडा जातो, तो वाढत राहतो आणि एके दिवशी अगदी सरळ रस्त्यावर ‘खट्’ असा आवाज येतो.

टायर घसरला ते बरं

यात एक गंमत आहे. टायर जागेवर फिरला की आपल्याला वाटतं, लाँच फसला. खरं तर तो टायर फ्यूजचं काम करत असतो. तो घसरला म्हणून पुढचा धक्का वाचला. चांगले रुंद टायर, चारही चाकांना ताकद आणि कोरडा रस्ता असेल तर घसरायला काहीच उरत नाही. मग सगळा मार गिअरबॉक्स खातो.

जगात याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे निसान जीटी-आर. २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही मालकांनी ट्रॅक्शनची मदत बंद करून वारंवार लाँच मारले आणि गिअरबॉक्स गेले. वॉरंटीवरून मोठा वाद झाला. पुढे कंपनीने सॉफ्टवेअर बदलून लाँचचे आरपीएम खाली आणले. यातून घ्यायचा धडा असा: आजच्या गाडीचा कॉम्प्युटर बरंच काही नोंदवून ठेवतो. आणि क्लच प्लेट हा झिजणारा भाग मानला जातो, त्यामुळे वॉरंटीत ‘मी काही केलंच नाही’ हे सहसा चालत नाही.

बाईकवाल्यांनी मात्र निवांत होऊ नये. तुमचा क्लच बहुतेक वेळा तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा असतो, म्हणून तो जास्त सोसतो. पण त्यात कारचं इंजिन ऑइल टाकलंत तर प्लेटा घसरू शकतात. डब्यावर ‘जेएएसओ एमए’ लिहिलंय का, तेवढं बघा.

आणि स्पोर्ट्स कार नसलेल्यांनीही हसू नये. दौलताबादच्या घाटात, किल्ल्याच्या दिल्ली दरवाजापाशी रविवारी वेरूळला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारे आपणच असतो. तिथे धक्का नसतो, पण उष्णता तीच असते. हँडब्रेक लावायला एक सेकंद लागतो.

प्रश्न फक्त गाडीचा नाही

रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा पकडलं गेलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट पुण्याने दाखवून दिली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे टायकनच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले.

टायकन इलेक्ट्रिक आहे. तिच्यात क्लचचं पेडल नाही. जळका वास नाही, इंजिनाची गुरगुर नाही, पाय ठेवला की टॉर्क हजर. जुन्या गाडीत क्लच तुम्हाला थोडं तरी अडवायचा. वेगाची किंमत नाकाला कळायची. इलेक्ट्रिक गाडीत ती सूचनाच उरलेली नाही. किती टॉर्क सोडायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं, आवर घालायचं काम मात्र तुमच्याकडेच राहतं.

इथेच आपल्या शहराचा प्रश्न सुरू होतो. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथे सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. तिथे हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या बनवण्याचं ठरलं. एथरनेही त्याच वर्षी बिडकीनच्या ऑरिकमध्ये ई-स्कूटरचा कारखाना जाहीर केला. ई-स्कूटरला क्लच लागत नाही. टोयोटाच्या हायब्रिडमध्येही नेहमीची क्लच प्लेट नसते. मग क्लच बनवणाऱ्या शहराचं काय?

कारखानदारांनी उत्तर शोधायला सुरुवात केली आहे. एन्ड्युरन्सने २०२० मध्ये अॅडलर ही क्लच बनवणारी इटालियन कंपनी घेतली आणि २०२२ मध्ये बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम बनवणाऱ्या मॅक्सवेलमध्ये हिस्सा घेतला. एक पाय जुन्यात, एक नव्यात. छोट्या वर्कशॉपला आणि क्लच प्लेट बदलण्यावर घर चालवणाऱ्या मेकॅनिकला असे दोन पाय कुठून आणायचे, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. मेकॅनिकल, आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला असाल तर हा प्रश्न थेट तुमच्या नोकरीचा आहे. धक्का, उष्णता आणि झीज यांचं शास्त्र ईव्हीतही लागतं. तिथेही रिडक्शन गिअर आहेत, शाफ्ट आहेत, टायर तर जास्तच झिजतात. फक्त त्याच्या जोडीला सेन्सर आणि कोडिंग शिकावं लागेल.

तोवर जुनी ऑक्टाव्हिया किंवा पोलो सेकंडहँड घेणार असाल तर एक सोपी चाचणी करा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर गेले आणि वेग जागचा हलला नाही, तर आधीच्या मालकाने लाँच मारलेत आणि बिल तुमच्यासाठी ठेवलंय असं समजा. आणि लाँच मारायची खाज असेलच, तर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा होतात, तिथे जा. तिथे समोरून शाळेची रिक्षा येत नाही.