गळ्यातला ताईत

लाडक्या माणसाला आपण गळ्यातला ताईत म्हणतो. अलीकडे मोठ्या रुग्णालयांतून हा ताईत खराखुरा मिळू लागला आहे, आणि बिलात त्याची रक्कम वेगळी मांडलेली असते. थायरॉइड ग्रंथीच्या ऑपरेशनात भूल देताना रोग्याच्या श्वासनळीत जी नळी घालतात, तिच्या अंगावरच विजेचे बारीक पट्टे बसवलेले असतात. ते स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्यांना टेकून राहतात. सर्जनने हातातल्या सळईने मज्जातंतूला एक-दोन मिलिअँपिअर विजेचा चिमटा घेतला की स्वरपट्टी थरथरते, यंत्र टकटक करते आणि पडद्यावर एक लाट उठते. तंतूतून निरोप पोचतो आहे, एवढाच तिचा अर्थ. यंत्र सुरेख आहे आणि ज्यांनी ते घडवले त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझे भांडण आहे ते त्याचा ताईत करून विकणाऱ्यांशी; आणि तितकेच, खेळणे म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांशी.

या भांडणात पडण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. मी धंद्याने भूल देणारा डॉक्टर. भूल देणाऱ्याची जागा रोग्याच्या उशाशी, असे म्हणतात. पण गळ्याच्या ऑपरेशनात तीही आमच्याकडून काढून घेतली जाते आणि आम्ही बाजूला सरकून नळ्यांच्या दुसऱ्या टोकाशी बसतो. तिथून फारसे दिसत नाही. ऐकू मात्र सगळे येते.

ज्या तंतूसाठी हा खटाटोप, त्याची आधी ओळख करून घेऊ. जाडीने तो एक-दोन मिलिमीटरचा. पण त्याची चाल मोठी चमत्कारिक. मेंदूकडून खाली येणाऱ्याने वाटेत लागणाऱ्या स्वरयंत्रात सरळ शिरावे की नाही? तसे नाही. डावा तंतू थेट छातीत उतरतो, महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि श्वासनळी व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून पुन्हा गळ्यात चढतो. उजवा मानेच्या बुंध्याशी, हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला वळसा घालून परततो. शेजारच्या घरी जायला निघालेल्याने गावाला प्रदक्षिणा घालून मागच्या दाराने आत यावे, तसला प्रकार. आणि हे मागचे दार नेमके थायरॉइड ग्रंथीच्या पाठीशी! ग्रंथी काढायची तर या तंतूच्या अंगाशी गेल्यावाचून गत्यंतर नाही.

एका बाजूचा तंतू निकामी झाला तर आवाज घोगरा होतो, फुटतो, हवा सुटल्यासारखा येतो. पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंचे निकामी झाले तर प्रकरण आवाजापुरते राहत नाही. दोन्ही पट्ट्या मध्याशी येऊन मिटल्यासारख्या होतात, श्वासाचीच वाट अडते आणि पुष्कळदा गळ्याला छेद देऊन तिथून नळी बसवावी लागते. एक आणि दोन यांतला हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा. माझे सगळे म्हणणे त्याच्यावर उभे आहे.

ही विद्या नवी नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेनने किंचाळणाऱ्या डुकराचे हे तंतू कापून दाखवले होते. डुक्कर धडपडत राहिले, किंचाळणे तेवढे थांबले. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर याने थायरॉइडच्या ऑपरेशनातला मृत्यू शंभरात एकाच्याही खाली आणला, आणि १९०९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. माणूस जगू लागला तेव्हा मग आवाजाचा प्रश्न निघाला. तंतूच्या वाटेला जाऊ नये, म्हणजे तो सुरक्षित राहील, अशी पुष्कळांची समजूत होती. बोस्टनच्या फ्रँक लाहीने १९३८ साली ती उलटी केली. तंतू शोधा, उघडा करून डोळ्यांनी पाहा, मग ग्रंथीला हात घाला, असे त्याने सांगितले आणि इजांचे प्रमाण उतरवून दाखवले. आजही याहून मोठा उपाय कोणाला सापडलेला नाही.

आता ताईत विकणाऱ्यांकडे वळू. यंत्र लावले की आवाज सुरक्षित, असे ते रोग्याला सांगतात. जर्मनीतल्या अनेक रुग्णालयांतून २९,९९८ तंतूंचा हिशेब गोळा करून २००४ साली प्रसिद्ध झाला. तंतू डोळ्यांनी पाहून शिवाय यंत्रही लावले, आणि नुसता डोळ्यांनी पाहिला, या दोहोंत ठामपणे सांगता येईल असा फरक त्यात निघाला नाही. पोलंडमध्ये एक हजार रोगी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. २००९ साली निष्कर्ष आला की यंत्रवाल्या गटात तात्पुरता लुळेपणा कमी, कायमचा मात्र कमी झाला असे म्हणता येत नाही. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने अशा पाच चाचण्यांतले १,५५८ रोगी एकत्र धरून पाहिले. निर्णायक पुरावा तिलाही मिळाला नाही. दुसऱ्यांदा गळा उघडण्याची वेळ आली, किंवा ऑपरेशन फार अवघड असले, तर यंत्राचा उपयोग होतो असे सांगणारे अभ्यासही आहेत. त्यांना मी खोटे म्हणत नाही. पण ‘सुरक्षित’ हा शब्द कुठून आला?

तो येऊच शकत नाही, कारण यंत्र तंतूच्या अंगावर पांघरूण घालत नाही. ते विचारल्यावर उत्तर देते. सळई लावली त्या क्षणी तंतू कसा आहे हे सांगते. दोन चिमट्यांच्या मधे हाताने काय केले त्याला ते जबाबदार नाही. मानेतल्या मूळ तंतूभोवती कडी बसवून अखंड पहारा करणारा प्रकारही आता निघाला आहे. ताण बसू लागला की त्यात लाट खचू लागते, आणि हात वेळीच सैल करता येतो. तो अधिक कामाचा खरा. पण हात सैल करणारा माणूस तिथेही लागतोच.

दुसरी मंडळी म्हणते, आम्हाला डोळे आहेत, यंत्र कशाला? यांचा तोरा मला अधिक झोंबतो, कारण त्यांच्यात खरोखर चांगले हात असलेले लोक आहेत. परंतु निकामी होणारा तंतू बहुधा कापला गेलेला नसतो. ग्रंथी ओढताना तो ताणला जातो, आणि ताणलेला तंतू दिसायला अगदी धडधाकट असतो. तार दिसते, तारेतून वीज वाहते की नाही हे डोळ्याला कसे दिसणार? ‘माझे सगळे रोगी बोलत बोलत घरी जातात’ हा या मंडळींचा दुसरा दाखला. एक पट्टी लुळी पडली तरी दुसरी सरकून तिला सांभाळून घेते आणि आवाज पुष्कळदा बरा राहतो. ज्याने ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दुर्बीण घालून स्वरपट्ट्या पाहिल्या नाहीत, त्याला आपला आकडा ठाऊकच नाही. अमेलिता गाली-कुर्ची या प्रख्यात गायिकेचे थायरॉइडचे ऑपरेशन १९३५ साली झाले. त्यात वरच्या बाजूचा दुसरा एक तंतू दुखावला आणि तिचा आवाज गेला, ही कथा सर्जन पिढ्यानपिढ्या सांगत आले. २००१ साली दोघा डॉक्टरांनी त्या काळची परीक्षणे वगैरे धुंडाळून दाखवले की उतरण आधीच लागली होती आणि इजेचा दाखला भक्कम नाही. आवाजाच्या बाबतीत आठवणीवर विसंबले की असे होते, मग ती आठवण दोषाची असो की यशाची.

मग यंत्र कशासाठी? शेवटी लाट चांगली उठली तर तंतू चालतो आहे, हे त्याचे सांगणे शंभरात ९२ ते १०० वेळा खरे ठरते. लाट उठली नाही तर मात्र तंतू गेलाच असे नव्हे. ते सांगणे कुठे शंभरात दहा वेळा खरे निघाले आहे, कुठे नव्वद. नळी किंचित फिरली, स्नायू सैल करणारे औषध अंगात उरले, तरी यंत्र मुके होते. म्हणून आधी नळी पाहावी, औषध पाहावे, दुसऱ्या बाजूचा तंतू उत्तर देतो का ते पाहावे, स्वरयंत्राच्या पाठीवर बोट ठेवून चिमट्यासरशी ते उडते का हे चाचपावे. हे सगळे करूनही शंभर मायक्रोव्होल्टच्या वर लाट येईना, तर एक बाजू गेली असे धरावे. आणि थायरॉइडला बाजू दोन असतात! दुसरी अजून उघडायची आहे. अशा वेळी थांबावे, गळा शिवावा आणि पहिली पट्टी हलू लागल्यावर दुसऱ्या बाजूचा विचार करावा, असे या विषयातल्या जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ साली लिहून ठेवले आहे. ताणलेला तंतू बहुधा काही आठवड्यांत, काही महिन्यांत जागा होतो. आणि थायरॉइडचे बहुतेक आजार तेवढी वाट पाहू देतात. यंत्राची खरी किंमत ही एवढीच, पण ती फार मोठी आहे. ते ‘थांब’ म्हणते.

पाठीचा कणा सरळ करणाऱ्या सर्जनांना हे थांबणे पूर्वीच शिकावे लागले. फ्रान्समध्ये स्ताग्नारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली जी रीत छापली, तिच्यात कण्याला सळ्या बसवल्यावर रोग्याला ऑपरेशनच्या मधेच जागे करून पाय हलवायला सांगत. पाय हलले नाहीत तर केलेले काम सैल करायचे. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यातले निरोप मोजणारी यंत्रे पुढे आली, आणि अमेरिकेत ५१,२६३ ऑपरेशनांची पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना ही यंत्रे वाचण्याचा दांडगा सराव होता, त्यांच्याकडे रोग्याला अपंगत्व येण्याचे प्रमाण नवशिक्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. यंत्र तेच, वाचणारा निराळा.

आपल्याकडे वाचणारेही आहेत. थांबणारे कमी, आणि का कमी ते मी ऐकलेले आहे. एका मोठ्या रुग्णालयात (नावाशी कर्तव्य नाही) एका शिक्षिकेचे ऑपरेशन चालले होते. डावी बाजू झाल्यावर लाट गेली. नळी मी पाहिली, जागेवर होती. औषध केव्हाच उतरले होते. सर्जनने तीनदा सळई लावून पाहिली. मी म्हटले, “आज इथेच थांबावे.” ते म्हणाले, “अहो, बाहेर नातेवाइकांना काय सांगू? अर्धेच केले म्हणून?” मग यंत्रापाशी बसलेल्या मुलाला म्हणाले, “जरा तो आवाज कमी कर रे.” उजवी बाजूही झाली. तिची लाट शेवटपर्यंत टिकली, म्हणून बाईंच्या गळ्याला भोक पडले नाही. डाव्या पट्टीने मात्र पुन्हा हालचाल केली नाही. बाई अजून शिकवतात. चाळीस मुलांच्या वर्गात हातात माइक धरून. बिलात यंत्राची रक्कम पुरती लागली होती.

त्या सर्जनला मी खलपुरुष ठरवणार नाही. बाहेर उभा असलेला जमाव मलाही दिसतो. दुसऱ्या एका सर्जनला मी थांबताना पाहिले आहे. त्यांच्या रोग्याची पट्टी दोन महिन्यांनी हलू लागली, उरलेली बाजू सुखरूप झाली, आणि तरीही त्या घरचे लोक गावभर सांगत फिरले की डॉक्टरला अर्धेच जमले. ‘पॅकेज’ एका ऑपरेशनचे असते. दुसऱ्यांदा दाखल व्हायचे म्हणजे पुन्हा खोलीचे भाडे, पुन्हा भुलीचे पैसे, पुन्हा नवी नळी, कारण ती एकदाच वापरायची असते. शिवाय विमा कंपनीचा प्रश्न, हे दोनदा का? यंत्र थांब म्हणते, आणि रुग्णालयातली उरलेली प्रत्येक वस्तू पुढे चल म्हणते. वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरा रोगी टेबलावर यायचा असतो. अशा ठिकाणी लाखांचे यंत्र आणून ठेवणे सोपे. थांबण्याची मुभा आणून ठेवणे अवघड.

ही मुभा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत एक वाक्य आहे. संमतिपत्रावर आवाजाच्या धोक्याची छापील ओळ असते; रोगी ती वाचत नाही आणि कोणी वाचून दाखवत नाही. समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की पुरेशी माहिती मिळाल्यावर दिली तीच खरी संमती. मग त्या ओळीखाली सरळ मराठीत एवढे लिहा: पहिल्या बाजूला तंतूचा प्रतिसाद गेला तर आम्ही थांबू, आणि दुसऱ्या बाजूचे ऑपरेशन त्याच रकमेत पुढे करू. नातेवाइकांना ते आधी वाचून दाखवा. म्हणजे बाहेर येऊन ‘थांबलो’ म्हणणाऱ्या सर्जनला कोणी नामर्द म्हणणार नाही. आणि आधी-नंतर दुर्बिणीने स्वरपट्ट्या पाहून केसपेपरवर नोंद करा. त्याला नव्या यंत्राची गरज नाही, कान-नाक-घसावाल्यांची दहा मिनिटे पुरतात.

हे सगळे मी एका व्यवस्थापकांना लिहून दिले. गृहस्थ भले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, “डॉक्टर, दुसऱ्या वेळचा खर्च आम्ही कोणत्या सदरात घालायचा?” मी म्हटले, यंत्राच्याच घाला, रोग्याने ते पैसे आधीच भरलेले आहेत.