वाफेच्या इंजिनांची कदर

मध्य प्रदेश शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण केला. महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेला हा सारा टापू मराठी बोलणारा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि हे तालुके मागे राहिले. बोली, सण, सोयरिकी मात्र पूर्वीच्याच राहिल्या. आमच्या किनाऱ्यावरील वाचकाला पांढुर्णा माहीत असते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे, फार तर तेथील संत्र्यांमुळे. आम्हांस आज या टापूविषयी लिहावयाचे आहे ते वेगळ्याच कारणाने. नवा जिल्हा झाला की नव्या कचेऱ्या येतात, रस्ते रुंदावतात, जमिनींचे भाव चढतात आणि गावातील जुनी, पडीक आवारे मोकळी केली जातात. कापसाच्या मुलखात अशी जुनी आवारे बहुधा जिन-प्रेसची असतात. त्यांत वाफेच्या काळातील बॉयलर, चिमण्या, दाबयंत्रे असे जे काही उरले असेल, ते कोणी नीट पाहण्यापूर्वीच वजनावर विकले जाण्याचा हा काळ आहे.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील ही काळी जमीन कापसाची. विसाव्या शतकाच्या आरंभी या भागात सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने उभे राहिले. तेल-इंजिने आणि वीज यायच्या आधी अशा कारखान्यांना वाफेवाचून दुसरा आधार नव्हता. रुईला बाजारपेठ नागपूरची. आणि नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ पासून चालू झालेली. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भराव घालून टाटांनी ही गिरणी उभारली, तेव्हा त्यांना भांडवल नाकारणाऱ्या एका सावकाराने ‘हा माणूस सोने मातीत घालतो आहे’ अशी थट्टा केली आणि पुढे आपले शब्द मागे घेतले, ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. गिरणीसाठी तलाव जवळ असणे ही सोय नव्हती, गरज होती. बॉयलरला पाणी लागते आणि इंजिनातून बाहेर पडणारी वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावयास त्याहून कितीतरी अधिक पाणी लागते.

गिरणीचे इंजिन म्हणजे रेल्वेचे इंजिन नव्हे. ते जागचे हलत नाही, म्हणून त्याचे कौतुकही रस्त्यावर येत नाही. एका बाजूस कोळसा पिणारे बॉयलर, मध्ये आडवी निजलेली दोन सिलिंडरे, एक उच्च दाबाचे आणि दुसरे त्यातून सुटलेल्या वाफेवर चालणारे, आणि त्यांच्यामध्ये दोन-तीन पुरुष उंचीचे फ्लायव्हील. त्या चाकाच्या कडेवर खाचा पाडलेल्या आणि प्रत्येक खाचेतून एकेक जाड दोर निघून गिरणीच्या मजल्यामजल्यावरील दांड्यांकडे गेलेला. हे दोर पुष्कळदा कापसाचेच असत. शेतातून आलेला कापूस दोर होऊन पुन्हा कापूस कातणारे चाक फिरवी! वेग नेमका राखणे ही या इंजिनाची खरी कसोटी. चाक किंचित जरी अडखळले तर हजारो चात्यांवरील सूत तुटे. म्हणून वेगनियामकाचे फिरते गोळे आणि झडपांची उघडझाप यांकडे इंजिनवाल्याचा डोळा अखंड लागलेला असे. ही विद्या पुस्तकात फारशी नव्हती. ती कानात होती. आवाज बदलला की हात तेलाच्या डब्याकडे जाई.

अशा इंजिनांवर जीव लावणारी माणसे जगात आहेत. इंग्लंडमध्ये जॉर्ज वॉटकिन्स या गृहस्थांनी १९३० च्या दशकापासून देशभर हिंडून जागच्या जागी चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांची छायाचित्रे घेतली, टिपणे ठेवली; त्यांतील बहुतेक इंजिने आज नाहीत, टिपणे आहेत. १९६६ मध्ये लँकेशायरच्या मुलखात हौशी लोकांनी एक संस्था काढली आणि गिरण्या बंद पडतील तशी इंजिने सोडवून, दुरुस्त करून बोल्टन येथे मांडली. विगनच्या ट्रेंचरफील्ड गिरणीचे १९०७ सालचे २५०० अश्वशक्तीचे इंजिन जागेवरच राखले गेले. बर्नलीची क्वीन स्ट्रीट गिरणी १९८२ मध्ये बंद पडली. तिचे ५०० अश्वशक्तीचे इंजिन मागांसह संग्रहालयात टिकले. पहिल्या महायुद्धानंतर त्या इंजिनाचे नाव ‘पीस’ म्हणजे ‘शांतता’ असे ठेवण्यात आले होते. तेथेही सारे सुरळीत आहे असे नाही. पैसे नाहीत म्हणून २०१६ मध्ये स्थानिक शासनाने ते संग्रहालय बंद केले होते आणि पुढे ते मोजक्या दिवसांपुरतेच उघडले. तरीही इंजिन जागेवर आहे, आणि ते चालविणारी माणसे आहेत.

त्याच १९८२ च्या १८ जानेवारीस मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. रत्नागिरी-मालवणपासून आमच्या किनारपट्टीवरील किती घरांतील चूल त्या गिरण्यांवर पेटत होती हे येथे सांगावयास नको. मुंबईच्या गिरण्यांतील वाफ मात्र त्याआधीच सरत आली होती. टाटांनीच १९१५ मध्ये खोपोलीहून सह्याद्रीच्या पावसावर केलेली वीज मुंबईस आणली आणि गिरण्यांनी हळूहळू इंजिने बाजूस सारली. नागपुरात वाफेवर गिरणी उभारणाऱ्या घराण्याच्याच हातून मुंबईतील वाफेचा शेवट सुरू व्हावा, हा योग मोठा विलक्षण. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर मुंबई महापालिकेने वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. ते रेंगाळत आले आहे, पण निदान हाती घेतले आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या वाट्यास तेवढेही आले नाही. १९८६ मध्ये ती टाटांच्या हातून जाऊन शासनाच्या महामंडळाकडे आली, २००२ मध्ये बंद झाली आणि तिच्या जमिनीवर आज बाजारसंकुल आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. या गिरण्यांत माणसे पिळली गेली, रुईच्या धुळीने छात्या निकामी झाल्या, मुलांना रात्रंदिवस राबविले गेले. मग त्या यंत्रांचे गोडवे कशाला? आम्ही यंत्राचे गोडवे गात नाही. ज्या संग्रहालयात इंजिन चकचकीत असेल आणि फायरमनच्या छातीचा दमा कोठेच नसेल, ते संग्रहालय अर्धेच होय. परंतु यंत्रच नाहीसे केले तर त्या दम्याची साक्षही कोण देणार? आपल्याकडे खांडेनवमीस यंत्राला झेंडूची माळ घालून, नारळ फोडून त्याची पूजा होते. गिरण्यांत ती मोठ्या थाटाने होत असे. विदर्भात पोळ्यानंतर मुले लाकडी बैल ओढत तान्हा पोळा साजरा करतात. बैलाची आठवण लाकडात जपणारा हा समाज त्याच मुलखात कापसावर राबलेल्या लोखंडाला मात्र टनाचा भाव लावून मोकळा होतो. कर्ज वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या यादीत ‘वारसा’ असा रकानाच नसतो.

जपणे अशक्य नाही याचा दाखला फार दूर नाही. नागपूरहून सौंसर, रामाकोना, भिमालगोंदीवरून छिंदवाड्यास जाणारी अडीच फुटी रुळांची रेल्वे बंगाल नागपूर कंपनीच्या काळातील. पांढुर्ण्यास रुंद मार्ग होता, सौंसरला ही चिमुकली गाडी. २०१५ मध्ये ती थांबली आणि २०२१ मध्ये त्याच वाटेने रुंद मार्गाची गाडी धावू लागली. पण तिचे रूळ उखडले जाण्याच्या पुष्कळ आधी, २००२ मध्येच, नागपूरच्या मोतीबागेत रेल्वेने अरुंद मार्गाचे संग्रहालय उघडले. म्हणून सौंसरची मुले आज तेथे जाऊन वाफेचे इंजिन पाहू शकतात. रेल्वेला हे जमले, कारण रेल्वेकडे एक मालक होता आणि ती बंद होण्याआधीच विचार झाला. जिन-प्रेसचे मालक अनेक, आणि विचार कोणाचाच नाही.

आमची मागणी मोठ्या वास्तूची नाही. पांढुर्णा जिल्हा प्रशासनाने दोन्ही तालुक्यांतील जुन्या जिन-प्रेसच्या आवारांची एकदा पाहणी करावी. बॉयलर, चिमणी, दाबयंत्र, दांड्या, जे असेल त्याची मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत आणि ती होईपर्यंत भंगाराचा लिलाव थांबवावा. बॉयलर पुन्हा पेटविण्याचा हट्ट नको. १९२३ चा बॉयलर कायदा असो वा त्याच्या जागी आलेला २०२५ चा, तपासणीच्या दाखल्यावाचून जुन्या बॉयलरात वाफ धरता येत नाही आणि ते योग्यच आहे. विजेच्या लहान मोटारीने किंवा दाबलेल्या हवेने इंजिन सावकाश फिरविता येते. परदेशात असे करतात.

याहून निकडीचे काम माणसांचे. वाफेवर, किंवा वाफेवर शिकलेल्या उस्तादाच्या हाताखाली काम केलेले फिटर, बॉयलरवाले, रेल्वेचे फायरमन या टापूत आणि नागपुरात आहेत, ते सारे आता वृद्ध आहेत, आणि त्यांची कामाची भाषा मराठी आहे. भोपाळच्या दप्तरात ही भाषा उमटत नाही, कारण त्या राज्याचा कारभार हिंदीत चालतो. मुंबईच्या दप्तरातही नाही, कारण ही माणसे आमच्या सीमेबाहेरची. महाराष्ट्र शासन सीमाभागातील मराठीविषयी बोलते तेव्हा बेळगावपाशी थांबते. नागपूर विद्यापीठाच्या मराठी विभागाने दोन विद्यार्थी आणि एक ध्वनिमुद्रक देऊन पांढुर्णा-सौंसरला एक हिवाळा घालविला, तरी रुई, सरकी, गाठ, भोंगा, पाळी या शब्दांमागचे सारे काम नोंदले जाईल. कापसाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. जिनची फाटके तेव्हाच उघडी असतात.