सव्वा तासाचं सासर

मी परुळ्याचा, बायको नांदेडची, संसार भाईंदरला केबिन रोडवर. आमच्या गावाशेजारी चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, तेव्हा आईने साखर वाटली. ‘आता विहीणबाईंकडे विमानानं जाईन!’

गेल्या मे महिन्यात हिशेब मांडला. चिपी ते नांदेड, सरळ रेषेत साधारण ५३५ किलोमीटर. ताशी ५०० च्या आसपास उडणाऱ्या एटीआरला, चढ-उतार धरून, सव्वा तास पुरे. भाईंदरहून चर्चगेट म्हणा ना! पण थेट विमानच मिळेना. अंतर नकाशा सांगतो, विमान मात्र प्रवासी असतील तरच उडतं. त्या मार्गावर आमचे प्रवासी दोन.

शेवटी आई कोकण रेल्वेनं आली, सासूबाई तपोवननं. विहिणी भेटल्या, आमच्या वन बीएचकेत. मध्यबिंदू केबिन रोड!