खोक्याच्या फळीचा खर्च कोणत्या खात्यावर?
(बी. कॉम., भाग २)

'पॅकिंग खर्च' ही रक्कम आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी डोळे मिटून नावे टाकतो. माल निघाला, खोकी गेली, खाते बंद. फळीतून आणखी काय गेले, याची नोंद कोणत्याच वहीत नसते.

२००२ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथे एका सापळ्यात आशियातला एक भुंगेरा सापडला. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. लाकडी खोक्यांतूनच तो आला असावा, असे तज्ज्ञ मानतात. हा किडा लाकूड खात नाही. लाकडात बीळ पाडून तेथे बुरशीची शेती करतो आणि तीच खातो. बियाणे जबड्याजवळच्या पिशवीत! तिकडच्या 'रेडबे' या रानझाडाला ही बुरशी नवी होती. तिला अडवण्यासाठी झाड स्वतःच्याच पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते आणि काही आठवड्यांत उभ्या उभ्या वाळते. तीस कोटींहून अधिक झाडे अशी गेली असावीत, असा २०१७ मधला अंदाज आहे.

बुरशी रेडबेवर थांबली नाही. त्याच कुळातल्या ससाफ्रासला तिने धरले आणि २०१२ मध्ये ती दक्षिण फ्लॉरिडातील अव्होकाडोच्या बागांत शिरली. गंमत अशी, की त्या बागांत मूळचा भुंगेरा क्वचितच आढळतो. तिथल्या दुसऱ्याच जातींच्या भुंगेऱ्यांनी ती बुरशी उचलली. शिवाय शेजारच्या झाडांची मुळे जमिनीखाली जुळलेली असतात, त्या वाटेनेही ती सरकते. झाड बदलले, वाहक बदलला. तेव्हा एका किड्यावर पाळत ठेवून भागत नाही.

याच कुळात आपली दालचिनी (कानडी शेजाऱ्यांची 'चक्के'), तमालपत्र आणि कापूर येतात. पण भिण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : तो भुंगेरा भारतातही मूळचा रहिवासी आहे. म्हणजे या हिशेबात आपण केवळ येणेकरी नाही, देणेकरीही होऊ शकतो.

लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियमही २००२ चाच. फळी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे तापवायची आणि गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारायचा. आमच्या उद्यमबागेतून परदेशी जाणाऱ्या ओतीव मालाच्या लाकडी खोक्यांनाही तो लागू आहे. कित्येकांना ही कारकुनी कटकट वाटते. माझ्या मते न तापवलेली स्वस्त फळी म्हणजे दुसऱ्याच्या बागेवर, त्याला न विचारता, काढलेले कर्ज. नियमही अपुराच आहे, तो सरहद्दीवरचा. अमेरिकेत रोग पुढे पसरला त्यात जळाऊ लाकडाच्या वाहतुकीचाही हात होता, आणि तिला हा शिक्का लागत नाही.

आम्हाला निर्यातीच्या कागदपत्रांवर प्रश्न येतात : बिल ऑफ लेडिंग, विमा, उगमाचा दाखला. फळीच्या शिक्क्यावर मी तरी अद्याप एकही पाहिलेला नाही. तो यावा, आणि टीपा लिहा म्हणून नव्हे, चांगला दहा गुणांचा यावा.