बडगा मूळ रूपाला कधी परतणार?

१/ प्रौढांसाठीची अमेरिकन ॲनिमेशन मालिका ‘साउथ पार्क’ २०२५ मध्ये आपल्या मूळ रूपाला परतली, असे तिचे चाहते सांगतात. मूळ रूप म्हणजे काय? बहुतेकांचे उत्तर : शिवराळपणा. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे हे नागपूरकराला तरी कळायला हवे. धागा.

२/ १३ ऑगस्ट १९९७. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी कागदाचे तुकडे कापून, ते एकेक सरकवत पहिला भाग घडविला. पुढे संगणक आला आणि आठवड्याभरात भाग तयार होऊ लागला. काल घडलेल्या गोष्टीची आज टर उडविणे, हे या मालिकेचे खरे बळ. मधल्या काळात लांबलचक कथानकांत ते बळ विरले.

३/ जुलै २०२५ मध्ये ते परतले. मालिकेची मालक कंपनी पॅरामाउंट हिने ट्रम्प यांच्याशी १ कोटी ६० लाख डॉलर मोजून खटला मिटविला होता. मालिकेच्या निर्मात्यांशी तिचा दीड अब्ज डॉलरचा नवा करारही नुकताच झाला होता. तरीही नव्या हंगामाच्या पहिल्याच भागात राष्ट्राध्यक्षांबरोबर पॅरामाउंटचीही खिल्ली उडविली गेली.

४/ आता नागपूर. तान्ह्या पोळ्याला येथे मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे : बांबू, कागद, चिंध्यांचे पुतळे आणि त्यांच्यावर त्या वर्षीच्या दुखण्याची पाटी. ‘साउथ पार्क’च्या शतकभर आधीपासून या शहराला कागदी पुतळ्यांची प्रौढ थट्टा ठाऊक आहे.

५/ काळ्या मारबतीचा संबंध लोकपरंपरा बाकाबाई भोसले यांच्याशी जोडते : इंग्रजांना साथ दिल्याचा राग. पण बाकाबाई १८५८ मध्येच वारल्या. नागपूरचे राज्य त्याआधी, १८५४ मध्ये, खालसा झाले होते. म्हणजे मारबत निघू लागली तेव्हा राणी जाऊन २३ वर्षे लोटली होती आणि शहरावर अंमल गोऱ्यांचा होता.

६/ मग तो राग मृत राणीवर होता की जिवंत राजवटीवर? परंपरेची कथा ग्राह्य धरली, तर दुसरे उत्तरच अधिक सयुक्तिक ठरते. नाव मेलेल्याचे, रोख हयात सत्तेवर. बडग्याचे मूळ रूप शोधायचे तर ते येथे आहे.

७/ २३ ऑगस्ट २०२५ च्या मिरवणुकीत ट्रम्प यांचाही बडगा होता. निमित्त भारतीय मालावरील वाढीव आयातशुल्काचे. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात एकाच माणसाची दोन ठिकाणी थट्टा झाली. दोन्ही सारख्याच धाडसाच्या, असे म्हणणे ही स्वतःची फसवणूक होय.

८/ अमेरिकेत त्या थट्टेला किंमत होती. व्हाइट हाउसने मालिकेवर जाहीर टीका केली. इतवारीत तिला किंमत नाही. ट्रम्प यांना इतवारीत मते मागायची नाहीत आणि वर्गणीही द्यायची नाही. दूरच्या शत्रूवर टाळ्या मिळतात, पण त्याने कोणाची झोप उडत नाही.

९/ आक्षेप येईल : महागाई, भ्रष्टाचार यांचेही बडगे निघतात की! निघतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ‘भ्रष्टाचार’ हे भाववाचक नाम आहे. त्याला चेहरा नाही, वॉर्ड नाही, सही नाही. ज्या पाटीवर कोणाचेच नाव नाही, ती पाटी वाचून सगळेच हसतात, दोषीसुद्धा.

१०/ हुडकेश्वर घ्या. एकेकाळची ग्रामपंचायत, आता महापालिकेची हद्द. तान्ह्या पोळ्याला येथली मुले लाकडी नंदी घेऊन बोजारा मागत दारोदार फिरतात. त्याच दारांपुढच्या रस्त्याचा, नळाचा, गडरलाइनचा बडगा नावानिशी निघायला हवा. ज्याची कमान रस्त्यावर उभी, त्याच्याच कामाची पाटी पुतळ्याच्या गळ्यात हवी.

११/ पॅरामाउंटचे पैसे घेऊन पॅरामाउंटवर हसणारे दोघे जे करू शकले, ते १४० वर्षांची परंपरा मिरविणाऱ्या शहराला जड जाऊ नये. वर्गणीच्या पुस्तकात ज्याचे नाव पहिले, त्याचाही बडगा ज्या वर्षी निघेल, त्या वर्षी मारबत मूळ रूपाला परतली असे खुशाल म्हणावे.