मापांची खतावणी

आपल्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांची इंदुरात खाली पेढी व वर राहते घर अशी बांधकामे निघत असतात. त्यांची अंदाजपत्रके आता संगणकावरील सॉफ्टवेअरमधून तयार होऊन येतात. आकडे सुबक, बेरजा बिनचूक. परंतु 'गिलावा, ४८० चौरस मीटर' एवढ्या एका ओळीवरून तो कोणत्या भिंतींचा, हे मालकास उमगत नाही. कीर्द न लिहिता थेट खाते भरावे, तसाच हा प्रकार होय. सरकारी बांधकामांत मोजमाप पुस्तिका ठेवतात ती याचसाठी. तीत नग, लांबी, रुंदी व उंची आधी लिहावयाची आणि परिमाण मागाहून काढावयाचे.

एक साधे दार घ्या, १ मीटर रुंद व २.१ मीटर उंच. वीटकामातून त्याची जागा पूर्ण वजा होते. गिलाव्याचा नियम निराळा आहे. भारतीय मानक १२०० प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट नाही; त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत, दोन्ही अंगांस सारखाच गिलावा असल्यास, एकाच अंगाची वजावट; त्याहून मोठी असल्यास दोन्ही अंगांची, मात्र कडांचा गिलावा मिळवून. म्हणजे हे दार गिलाव्यात एकदाच वजा होईल, तर दुकानाचे ३ मीटर रुंद व अडीच मीटर उंच शटर दोनदा. सुतारकामात पुन्हा त्याच दाराचा नग धरावयाचा. तेव्हा दाराचे माप एकदाच नोंदवून तेथून प्रत्येक कामाच्या खात्यात न्यावे. निरनिराळ्या ठिकाणी ते नव्याने भरले, की आराखड्यात दार रुंद झाल्यावर एक खाते बदलते व दुसरे जुनेच राहते. ही चूक सॉफ्टवेअर दाखवीलच असे नाही. बेरीज तर बरोबरच असते!

आम्ही आणखी एक आग्रह धरू. प्रत्येक मापास कामाच्या नावाबरोबर मजला आणि पेढी की घर, हेही लावावे. पेढीच्या इमारतीवर धंद्याच्या हिशेबात घसारा धरता येतो, राहत्या घरावर नाही. वर्षअखेरीस मुनीमजींनी ती वाटणी अंदाजाने का करावी? दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी बोलणी अजून चौरस फुटावरच चालतात. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. म्हणून एकक प्रत्येक ओळीत लिहिलेले असावे.

हे वर्ग कराराच्या आधीच ठरवून घ्यावेत, आणि बेरजेच्या कागदासोबत मूळ मापांची यादीही मागून घ्यावी. ती देण्यास जो कंत्राटदार कुरकुरेल, त्याचा भाव कमी असला तरी आम्ही दुसरीकडे चौकशी करू.